स्थिती: चांगली

जुलैची थंडी नदीवरून वर येते,
कोपऱ्यावर वळते आणि थेट दुकानात शिरते.
तिला काही विकत घ्यायचं नसतं.
तशी माणसंही येतात.
वॉशिंग्टन सिल्वेरा, बंदरावरचा निवृत्त कारकून,
काखेत थर्मास, मुठीत कडू चहाचा तुंबा,
तीन हिवाळे एकच कादंबरी उभ्यानं वाचतोय.
पान मुडपत नाही, बसचं तिकीट ठेवून जातो.
मी ती वरच्या फळीवर सारते,
मध्येच कुणी नेऊ नये म्हणून.

हा काय धंदा झाला, मावशी?
हेर्मान विचारतो. बहिणीचा मुलगा.
त्यानंच मागच्या खोलीत वजनकाटा आणला,
चिकटपट्टी, खोकी, फोटोसाठी वाकत्या मानेचा दिवा.
म्हणतो, इथं पुस्तक गिऱ्हाइकाची वाट बघतं,
तिथं गिऱ्हाईक पुस्तकाला हुडकत येतं.
त्याचं खोटं नाही.

म्हणून दिवसा विकते, रात्री वर्णनं लिहिते.
स्थितीसाठी चारच शब्द दिलेत:
नव्यासारखी. चांगली. बरी. चालेल.
आता हा शब्दकोश.
ह्यातला एक शब्द कुणीतरी ब्लेडनं कापून नेलाय.
कुठला, ते शेजारच्या शब्दांवरून कळतं.
चौकटीत काय भरू?
चालेल, भरलं.

मार्चमध्ये एक आवरलेलं घर आलं,
बटाट्याच्या पोत्यांतून, किलोच्या भावानं.
त्यात मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक,
कडेकडेनं शिसपेन्सिल:
पेट्यांचे आकडे, तारखा,
राणी मेली,
निलगिरी फुलली, उशिरा,
इदाला डंख, रडली नाही.
लिखाणासकट पुस्तक बरी, दोनशे पेसो.
कोरं असतं तर चांगली, साडेतीनशे.
मी खोडरबर घेतला.
दोन संध्याकाळी गेल्या. मनगट भरून आलं.
चुरा फुंकला, फोटो काढला, चांगली.

परवा रात्री पडद्यावर निरोप.
ताक्वारेम्बोहून, इदा बेंतांकोर:
पुस्तकात पेन्सिलीनं काही लिहिलंय का?
असेल तर ते माझ्या वडिलांचं.
नसेल तर नको.

समोर उभी असती तर आधी खुर्ची दिली असती,
हवेबद्दल बोलले असते, आणि डोळे चुकवले असते.
पडद्याला डोळे नसतात.
तरी चुकवले.
पण चारशे किलोमीटर तुडवत
ती माझ्या दाराशी आली तरी कधी असती?
आणि आलीच असती,
तर पुस्तक पेन्सिलीसकट फळीवर असतं.
हा हिशेब मी तीनदा मांडला.
एकदाही जुळला नाही.

मग हेर्मानच्या दिव्याची मान वाकवली,
पान उजेडाला आडवं धरलं.
आधी नुसता कागद.
मग नांगरट.
दाबून लिहायचा तो माणूस.
शिसं गेलं होतं, चर राहिले होते,
चरांत सावली होती, सावलीत अक्षर.

उत्तर लिहिलं:
होय, लिहिलं होतं. पैशासाठी मी ते पुसलं.
दिवा बाजूनं लावा, वरून नको.
पान एकसष्ट, डावी कड, तुमचं नाव आहे.
घ्यायचं नसेल तरी पाठवते.

किमतीत शून्य घातलं.
यंत्र शून्य घेईना.
एक केला.
स्थितीच्या चौकटीवर बोट बराच वेळ राहिलं,
मग होती तशीच ठेवली.

सकाळी वॉशिंग्टननं थर्मास काउंटरवर टेकवला.
खोक्याकडे बघून म्हणाला, काही खपलं वाटतं?
हो, म्हटलं. एक पेसोला.
तो मान हलवत वरच्या फळीकडे गेला,
तिकीट काढलं,
आणि म्हणाला, उजेड कमी आहे इथं.
मी दिवा आणून दिला.